तीनशे मैलांची खुंटी

हमीद मिस्त्री गेल्याचं मला एका ट्रकवाल्याकडून कळलं. तेरखेड्याच्या अलीकडं आमचं रस्त्याचं काम चालू होतं, डांबराची पिंपं तापत होती आणि मी खडीच्या ढिगाशेजारी छत्री धरून उभा होतो. ट्रक थांबला, ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "साहेब, आपले मिस्त्री गेले की. काल जुम्म्याला माती झाली." कोण मिस्त्री, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गवंडी, सुतार, लोहार धरले तर उस्मानाबादेत पन्नासेक मिस्त्री निघतील, पण ट्रकवाल्यांचे मिस्त्री एकच होते. मी "बरं" म्हणालो. तो गेला. डांबर उतू चाललंय हे मजुरांनी ओरडून सांगितलं तेव्हा मी भानावर आलो, एवढंच. मी रडलो वगैरे नाही. ओव्हरसियरच्या नोकरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला खडी आणि माणसं दोन्ही मोजून घ्यायची सवय लागते. याला आता दीड महिना झाला.

शेवटची भेट झाली ती रमजान ईदला, त्यांच्या घरी. पाय सुजले होते, तक्क्याला टेकून बसले होते. माझ्या हातात शीरखुर्म्याची वाटी दिली आणि आजकालच्या इंजिनांविषयी बोलू लागले. "आता बेअरिंग डब्यात येतंय, साहेब. पातळ पत्र्यागत. डबा फोडा, बसवा, निघा. खरवडायचं कामच न्हाय." मी म्हणालो, बरंच झालं की मग. "हौ, बरंच झालं," ते म्हणाले आणि आपल्या बोटांकडं बघत राहिले... निघालो तेव्हा जिन्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या पायरीवर माझ्या लक्षात आलं, की आज त्यांनी मला तो प्रश्न विचारला नाही. दहा वर्षं दर ईदला, वाटी रिकामी झाली की ते अगदी सहज विचारत, "खुंटी सापडली का, साहेब?" मी म्हणे, "शोधतोय." यंदा त्यांनी विचारलं नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची आज लाज वाटते.

खुंटी हरवली नव्हती. ती माझ्या टेबलाच्या खणात होती.

हमीदभाई मूळचे उस्मानाबादचेच, पण तरुणपणी हैदराबादला सरकारी मोटारखान्यात फिटर होते. संस्थान विलीन झालं, मोटारखान्यात उलथापालथ झाली, आणि ते आईजवळ परत आले. सोलापूरच्या रस्त्याला पत्र्याची शेड घातली, एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातला लेथ आणून बसवला. ते दिवस कसे होते हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको. पहिलं वर्षभर त्यांच्याकडं फारसं कुणी फिरकलं नाही. मग एकाची मोटार बंद पडली, दुसऱ्याचं तेलाचं इंजिन ठोका देऊ लागलं, बार्शीला नेऊनही सुधारलं नाही, आणि नाइलाजानं लोक आले. हमीदभाईंनी दुरुस्त केलेलं इंजिन परत येत नसे. मिस्त्रीच्या धंद्यात यापेक्षा दुसरी जाहिरात नसते. चार-पाच वर्षांत अशी गत झाली, की इंजिनातून आवाज आला की माणूस आधी गाडीतून उतरून हमीदभाईंचं नाव घ्यायचा, मग देवाचं.

त्यांचं खरं कसब क्रँक आणि बेअरिंग यांत होतं. हे जरा सांगायला हवं. सायकलचं पायडल जसं पायाची वरखाली हालचाल चाकाच्या फिरण्यात बदलतं, तसंच इंजिनात पिस्टनची वरखाली हालचाल क्रँक फिरण्यात बदलते. पिस्टनचा दांडा क्रँकच्या ज्या पिनेला धरतो तिथं बेअरिंग असतं, आणि इंजिनाचा सगळा मार त्या चार बोटं जागेवर पडतो. पिनेला नीळ लावायची – कपड्यांना घालतात तीच, तेलात खलून – तिच्यावर बेअरिंग फिरवायचं, जिथं निळा डाग उमटेल तिथं उंचवटा आहे असं समजायचं, आणि जुन्या कानशीला धार लावून केलेल्या हत्यारानं तो खरवडायचा. पुन्हा नीळ, पुन्हा फिरवणं, पुन्हा खरवडणं. असं तीस-तीस वेळा. त्यांची बोटं कायम निळी असत. 'परटाकडं नोकरी धरली का?' अशी थट्टा मी नेहमी करायचो. ते म्हणायचे, "लोखंडाला लोखंड लागतच न्हाय, साहेब. मधी तेल ऱ्हातंय. केसापरीस पातळ, पर ऱ्हातंय. लागलं की संपलं." या वाक्यात दोन समाजांविषयी फार मोठा अर्थ आहे असं आमच्या एका प्राध्यापक मित्रांनी मला एकदा समजावून सांगितलं. मी त्यांना म्हणालो, की हमीदभाई बेअरिंगविषयी बोलत होते.

माझ्याकडं मिलिटरीच्या लिलावात घेतलेली मोटारसायकल होती. पाचशे सीसीची, एकच सिलिंडर, मैल मोजणारा काटा लिलावाच्या आधीच मेलेला. मला वेगाचं वेड होतं, आणि हे वेड असलेल्या माणसाला सरकारनं रस्ते बांधायला ठेवलं होतं. हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात कळलं, की सोलापूरकडच्या एका ओसाड धावपट्टीवर पुण्याचे काही हौशी लोक मोटारसायकलींची शर्यत भरवताहेत. मी हमीदभाईंना विचारलं, आपलं इंजिन पळेल का? त्यांनी ते उघडलं. पिनेभोवतीच्या बेअरिंगमधले रोलर ज्या पिंजऱ्यात बसतात तो पिंजरा तडकला होता. नवा मिळणं त्या काळी अशक्यच होतं. "हे रोलर नक्को," ते म्हणाले. "जोरात पळवलं की पिंजराच फाटतो. मी बुश करतो. मोकळा."

मोकळा म्हणजे पिनेला घट्ट नाही आणि दांड्यालाही घट्ट नाही, दोघांच्या मध्ये तेलावर स्वतंत्र फिरणारी ब्राँझची बांगडी. पिन जेवढी फिरेल त्याच्या साधारण निम्मी ती फिरते, त्यामुळं घासण्याचा मार दोन्हीकडं वाटला जातो. आतून-बाहेरून पांढऱ्या धातूचा पातळ मुलामा, तेलाला भोकं. असला बुश त्यांनी हैदराबादेत एकदा उघडलेल्या इंजिनात बघितला होता, एवढ्या भांडवलावर त्यांनी तो केला. क्रँकची दोन जड चाकं दोन धारदार पट्ट्यांवर ठेवून, जी बाजू खाली येईल तिथं भोकं पाडून, तोल साधायला आठ दिवस घालवले. चाकं जोडल्यावर तांब्याच्या हातोड्यानं टोले देत ती एका रेषेत आणली. त्यांचा धाकटा भाऊ यूसुफ हातोडा देई-घेई आणि मी स्टुलावर बसून कंटाळे. आठव्या दिवशी त्यांनी क्रँक पट्ट्यांवर ठेवून बोटानं अर्धी फिरवली आणि सोडून दिली. जिथं सोडली तिथंच ती थांबली. परत फिरवली, दुसरीकडं सोडली, तिथंही थांबली. मग त्यांनी मला चहा सांगितला.

शर्यत भरवणाऱ्यांत पुण्याचे कर्णिक म्हणून गॅरेजवाले होते. त्यांना मी बुशाविषयी लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की असला बुश वीस फेऱ्या टिकला तर आमच्या सगळ्या गाड्यांच्या क्रँक तुमच्या मिस्त्रींकडं पाठवू, आणि त्यांची इच्छा असेल तर पुण्याच्या आमच्या वर्कशॉपात त्यांना मुख्य फिटर म्हणून घेऊ. ते पत्र हमीदभाईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग घडी घालून आपल्या खिशात ठेवलं. त्यांना उर्दू येई, मराठी वाचता येत नसे, तरी ठेवलं.

आता खुंटी. हमीदभाईंच्या हातून दुरुस्त होऊन जाणाऱ्या प्रत्येक गाडीत ते बाभळीची एक खुंटी बसवत. बोटाच्या पेराएवढी, मधून भोक, एका बाजूनं चीर. कार्बोरेटरच्या टोपणाखाली वायरवर ती चढवली, की मूठ कितीही पिळा, गाडी निम्म्या जोराच्या वर जात नसे. नवं बेअरिंग तीनशे मैल हळू चालून आपली जागा धरतं, तोवर त्याला पळवायचं नाही. "सून घरात आली की दुसऱ्या दिवशी पाटा-वरवंटा देत्यात व्हय?" असं ते ड्रायव्हरांना दरडावत. गाडी निघाली की दुकानाच्या भिंतीवर एक खिळा ठोकत आणि खाली निळीनं तिचा नंबर लिहीत, उर्दू आकड्यांत. तीनशे मैल झाले की गाडी परत आणायची, खुंटी ते स्वतः काढत आणि त्या खिळ्याला अडकवत. अख्खी भिंत खुंट्यांनी भरली होती. निजामाच्या शाळेत शिकल्यामुळं मला ते आकडे वाचता येत, आणि माझा नंबर त्यांनी लिहिला तेव्हा मी तिथं उभा होतो. काटा मेलेला, म्हणून मैल मी वहीत लिहायचे असं ठरलं. मैल माझ्या शब्दावर होते.

नेमकी त्याच पंधरवड्यात वरच्या साहेबांची तपासणी आली. मला दिवसभर साइट सोडता येईना. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी वहीत बेरीज केली तेव्हा सत्तर मैल भरले. सोलापूरपर्यंतचे चाळीस धरले तर एकशे दहा. हमीदभाईंना जाऊन सांगायला हवं होतं. त्यांनी 'पुढच्या वर्षी पळवू' म्हटलं असतं, म्हणून सांगितलं नाही. निघालो. तुळजापूरचा घाट उतरून सपाटीला लागलो, तीसच्या वेगानं फटफट करत चाललो होतो, तेवढ्यात मागून प्रवाशांची सर्व्हिस मोटार आली आणि मला ओलांडून गेली. टपावरच्या एका पागोटेवाल्यानं ओरडून विचारलं, "ढकलू का, साहेब?" सगळी मोटार हसली. मी गाडी बाभळीखाली घेतली, टोपण उघडलं, खुंटी काढून शर्टाच्या खिशात टाकली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. पुढच्या दोन-तीन मैलांत ती मोटार गाठली, ओलांडली, आणि सोलापूर दिसेपर्यंत मूठ सैल केली नाही. इंजिनात थरथर म्हणून नव्हती. क्रँकचा तोल इतका अचूक साधला होता, की वेग वाढेल तसं ते आणखी शांत होत गेलं. मला अतोनात आनंद झाला होता. तो लपवण्यात अर्थ नाही. त्या दहा-बारा मैलांइतका निखळ आनंद मला नंतर कधी झाल्याचं आठवत नाही.

सकाळी हमीदभाई आणि यूसुफ पहिल्या मोटारीनं आले. परीटघडीचा पायजमा, काळी टोपी, बोटं तेवढी निळी. त्यांनी आधी विचारलं, "तीनशे झाले?" मी म्हणालो, "झाले." "अन् खुंटी?" "काल मीच काढली. घरी राहिली." खुंटी काढणं त्यांचा मान होता. ते म्हणाले, "बरं. आणा सावकाश. खिळा मोकळा हाय." खुंटी त्या वेळी माझ्या खिशात होती, त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर.

तेरा फेऱ्या मी दुसऱ्या नंबरावर होतो. चौदाव्या फेरीत इंजिनानं एकदम घट्ट मूठ आवळली, मागचं चाक जागच्या जागी थांबलं, आणि मी खडीत घसरत गेलो. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. कर्णिक भला माणूस. दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून ट्रकमधून माझ्या गाडीसकट उस्मानाबादला आला, कारण बुश का गेला हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. हमीदभाईंनी इंजिन उघडलं. कर्णिकनं मला विचारलं, "आधी किती मैल चालवलं होतं?" मी म्हणालो, "तीनशे." यूसुफनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. हमीदभाईंनी बघितलं नाही. त्यांनी बुश काढून दाराच्या उजेडात धरला. निम्म्या भागातला पांढरा धातू वितळून तेलाची भोकं बुजली होती. उरलेल्या निम्म्यावर खरवडल्याच्या खुणा जशाच्या तशा ताज्या होत्या, आणि त्या खुणांच्या खाचांत नीळ होती. तीनशे मैल चाललेल्या बुशात नीळ राहत नाही. खुणाही राहत नाहीत, आरशागत गुळगुळीत होतात. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, त्या आठ दिवसांत, मी स्टुलावर कंटाळत असताना. कर्णिक बघायला पुढं वाकला. हमीदभाईंनी बुश त्याच्या पुढं धरला, निळ्या खाचांवर आपला निळा अंगठा ठेवून. "तेलाची फट मीच कमी ठेवली, साहेब," ते म्हणाले. "चूक आपली हाय."

कर्णिक गेला. पुण्याहून क्रँक आल्या नाहीत, दुसरं पत्रही आलं नाही. चौकात बोलणं सुरू झालं, की मिस्त्रीचा हात गेला. शर्यतीत सगळ्यांच्या देखत इंजिन जाम झालं, मग आमच्या ट्रकचं काय? दोन वर्षं बरंच काम बार्शीला आणि लातूरला गेलं. नंतर ते हळूहळू परत आलं, कारण बार्शीहून आलेली इंजिनं पुन्हा ठोका देऊ लागली. पण पळणारं इंजिन हमीदभाईंनी पुन्हा हातात घेतलं नाही. मी गाडी विकली. दुकानात जाणंही सोडलं. ईदला मात्र घरी जात राहिलो, आणि ते वाटी पुढं करत राहिले. त्यांनी मला वाचवलं हा त्यांचा मोठेपणा, असं मी बरीच वर्षं समजत होतो. तसं समजणं सोयीचं होतं. अलीकडं वाटतं, मोठेपणा होता, पण हिशेबही असेल. सरकारी साहेब म्हणतो तीनशे, आणि पत्र्याच्या शेडमधला हमीद म्हणतो खोटं. त्या वर्षांत लोकांनी कुणाचं ऐकलं असतं? हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही, आणि याचं मला दुःख आहे.

आमच्या घरी ही गोष्ट ठाऊक होती. खण आवरताना बायको ती खुंटी उचलायची, माझ्याकडं बघायची आणि परत ठेवायची. एकदाच म्हणाली, "अहो, एवढीशी तर आहे. देऊन का टाकत नाही?" मी म्हणालो, योग्य वेळ बघतोय.

त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी दुकानात गेलो. खुंटी खिशात होती. यूसुफ आता एकटाच काम बघतो, दाढी पिकू लागली आहे. भिंतीला नुकताच चुना दिलेला दिसत होता. खुंट्या होत्या तशाच होत्या, प्रत्येकीखाली निळे आकडे. मधल्या ओळीत एक खिळा मोकळा होता. त्याच्याखाली माझ्या गाडीचा नंबर होता, आणि निळीचा रंग ताजा होता.

"दर दोन वर्षांनी चुना देतो," यूसुफ म्हणाला. "भाईजान मग सगळे नंबर परत लिवायचे, औंदा बी त्यांनीच लिवले. भंगारात गेलेल्या गाड्यांचे सोडायचे. तुमची तर कवाच विकली. म्या म्हनलं, ह्यो कशाला लिवता? तर म्हनले, ऱ्हाऊ दे. साहेब आणून देत्याल."

मी खुंटी काढून पुढं केली. काय झालं होतं ते सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. यूसुफनं ऐकून घेतलं. खुंटीला हात लावला नाही.

"मला काय सांगता, साहेब? मला त्याच दिवशी ठावं झालतं. नीळ म्या बी बघितली," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आता नका अडकवू. हात गेला असं गावानं म्हनलं, ह्या चौकात उभं ऱ्हाऊन. आधी गावाला सांगा, मंग अडकवा."

म्हणून हे लिहिलं. चौकात उभं राहून बोलायचं धाडस माझ्यात नाही, पुरवणीत लिहिण्याइतकं आहे. कर्णिक यांचा पत्ता मिळाला आहे, त्यांनाही अंक पाठवतो. खुंटी या क्षणी कागदाशेजारी आहे. पेट्रोलचा वास केव्हाच उडून गेला, पण चिरेपाशी हमीदभाईंच्या बोटाचा निळा ठसा अजून दिसतो. अंक निघाला की दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना तिथं जाईन. यूसुफनं परवानगी दिली तर मीच अडकवीन.

हमीदभाई, खुंटी सापडली. मैल तीनशे नव्हते. एकशे दहा होते.